डी ड्राइव्ह उघडेना आणि दिवाळी अंक आत अडकलाय? आधी केबल काढा

आधी मशीन बंद करा आणि उरलेलं उत्तर मोबाइलवर वाचा. खरंच सांगतोय. भाच्यानं लावलेलं ते रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालून ४ टक्क्यांवर आलंय म्हणताय ना, ते आत्ताच्या आत्ता थांबवा, शटडाऊन होत नसेल तर सरळ बटण दाबून धरा, आणि कॅबिनेट उघडून त्या हार्ड डिस्कच्या पॉवरची आणि डेटाची अशा दोन्ही केबल काढून ठेवा. ते ४ टक्के फुकट गेले म्हणून हळहळू नका, ते तसेही कामाचे नव्हते.

मी काय धरून चाललोय ते कळावं म्हणून तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो. डीटीपीचं काम आहे, विंडोज छोट्या एसएसडीवर आहे, आणि कामाच्या सगळ्या फाइल १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर, जी सात वर्षं जुनी आहे. दिवाळी अंकाची १६० पानं, त्यातली शंभरेक लागून तयार. आठवडाभर फोल्डर उघडायला वेळ लागत होता, रविवारी मशीन हँग झालं, आणि आता डी ड्राइव्हवर क्लिक केलं की फॉरमॅट करू का म्हणून विचारतंय. आवाज फारसा नाही, मध्येच कर्र कर्र होतं. एक दुकानदार म्हणाला चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, मारा, दुसरा म्हणाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, डेटा येईल का, घरी जमेल का, खर्च किती.

येईल असं वाटतंय, आणि बराचसा येईल. मी २००७ पासून कोल्हापुरात हेच काम करतो आणि हळूहळू स्लो होत गेलेली, अजून फिरणारी, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, नाव दाखवणारी डिस्क ही आमच्याकडे येणाऱ्या केसेसमधली त्यातल्या त्यात बरी केस. पण ती बरी राहते ती मालकानं हात आवरला तरच. डिस्क आपणहून जेवढी खराब होते त्यापेक्षा जास्त ती लोकांच्या प्रयत्नांनी होते, हे मी वाईट वाटून घेत सांगतोय कारण दुकानात समोर बसलेल्या माणसाला ते तोंडावर सांगता येत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ही डिस्क आता दुरुस्त करायची नाहीये. ती जाणार आहे, आज नाहीतर महिन्याने. ती जायच्या आधी तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग शोधाशोध, दुरुस्ती, प्रयोग, भाच्याचं सॉफ्टवेअर, जे काय करायचं ते त्या उतरवलेल्या कॉपीवर करायचं. मूळ डिस्कला एकदाच हात लावायचा, तोही शांतपणे.

का ते कळायला आत काय चाललंय ते थोडं बघू. साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या ९५ मिलिमीटर व्यासाच्या असतात आणि बऱ्याचदा मिनिटाला ७२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हिशोब केलात तर तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळतेय असं निघतं. आणि त्या वेगात वाचणारं हेड तबकडीला न टेकता वर तरंगत असतं, अंतर किती तर मोजके नॅनोमीटर. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाचं जाऊ द्या, बोटाचा ठसासुद्धा तिथे डोंगर आहे. आता हेड थकलं असेल किंवा तबकडीवर एखादा चरा असेल, तर डिस्क तो तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, हेड मागे नेते पुढे आणते, तेच तुमचं कर्र कर्र. एकेका तुकड्यावर ती कित्येक सेकंद घालवते, आणि वर विंडोज पण गप्प बसत नाही, ते पुन्हा मागतं. शिवाय अँटिव्हायरस, इंडेक्सिंग, फोटोंचे थंबनेल हे सगळे त्याच जखमेवर बोट ठेवत राहतात. १ टीबीच्या डिस्कवर १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ सेक्टर, म्हणजे असे छोटे तुकडे, असतात. त्यातले दोन-चार हजार खराब असले तरी बाकीचे सगळे धडधाकट असतात, पण भाच्याचं सॉफ्टवेअर त्या दोन-चार हजारांतच रात्रभर डोकं आपटत बसलेलं असतं, आणि तेवढ्यात चऱ्याची धूळ उडून हेड अजून खराब होतं. म्हणून म्हटलं थांबवा.

फॉरमॅट करू का हा प्रश्न ऐकून घाबरू नका. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली ठेवायच्या पद्धतीत, सुरुवातीला एक बूट सेक्टर असतो आणि एमएफटी नावाची एक मोठी वही असते, प्रत्येक फाइलची त्यात एक नोंद, नोंदीला साधारण १०२४ बाइट, नाव काय, कुठल्या फोल्डरात, डिस्कवर कुठे कुठे ठेवलीय. त्या वहीची पहिली पानं वाचता आली नाहीत की विंडोजला पूर्ण डिस्क कोरी वाटते आणि ते भाबडेपणानं विचारतं. फाइली जिथल्या तिथे आहेत. फक्त हो म्हणू नका.

आता चेकडिस्क. हे मला दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं. चेकडिस्क डेटा वाचवायला केलेलंच नाही, फाइल सिस्टिम सुसंगत करायला केलंय. वहीतली नोंद त्याला वाचता आली नाही तर ते काय करतं, ती नोंद काढून टाकतं, जे अनाथ तुकडे उरतात ते फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नंबर घालून टाकतं, आणि म्हणतं झालं, डिस्क आता ठीक आहे. मशीनच्या दृष्टीनं ठीकच असते, तुमची पानं मात्र गेलेली असतात. चांगल्या डिस्कवर लाइट गेल्यामुळे गडबड झाली असेल तर चेकडिस्क उत्तम, मी स्वतः चालवतो. पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते लिहायला लागलं तर परत फिरायचा रस्ता बंद. इचलकरंजीचे एक गृहस्थ टॅलीचा चार वर्षांचा डेटा असलेली डिस्क घेऊन आले होते, आधी कोणीतरी तीन वेळा चेकडिस्क मारलेलं, डिस्क शंभर टक्के वाचली पण निम्म्या कंपन्यांची फोल्डर नुसत्या नंबरांच्या फाइली होऊन पडली होती. त्यांचा सीए आणि मी दोघांनी बसून एकेक फाइल ओळखली.

फ्रीजरचं एवढं जुनं खूळ आहे की ते कुठून आलं हेही लोक विसरलेत. फार पूर्वीच्या डिस्कमध्ये बेअरिंग किंवा मोटर अडकायची, थंडीनं धातू आकसून कधी कधी सुटायची आणि दहा मिनिटं मिळायची. आजच्या डिस्कला त्याचा काही उपयोग नाही. फ्रीजरमधून बाहेर काढलीत की आपल्याकडच्या दमट हवेत आत बाष्प धरणार, आणि तबकडीवर पाण्याचा थेंब म्हणजे हेडसाठी काय ते वर सांगितलंच. साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं बघा, शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका, आतली हवा त्यातून श्वास घेते. तिथून बाष्प जातं तसं पाणीही जातं.

पाण्यावरून आठवलं, विषय थोडा बाजूला जातोय पण तुम्ही सांगलीकडचे आहात म्हणून सांगून ठेवतो. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरानंतर आमच्याकडे डिस्कांची रांग लागली होती, पतसंस्था, फोटो स्टुडिओ, शाळा. ज्यांनी डिस्क चिखलासकट पिशवीत गुंडाळून आणली त्यांची केस सोपी गेली. ज्यांनी हेअर ड्रायर मारला, उन्हात ठेवली, तांदळाच्या डब्यात घातली आणि मग चालू करून पाहिली, त्यांच्या तबकडीवर गाळ वाळून पापुद्रा झालेला होता आणि त्यावरून हेड घासत गेलं होतं. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, ओल्या कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत घालायची आणि तशीच पाठवायची. हे ऐकून प्रत्येकाला उलटं वाटतं.

बरं, तुमच्या डिस्ककडे येऊ. आता पुढचा निर्णय आवाजावर आहे, म्हणून आधी नीट ऐका. डिस्क परत जोडाल ती फक्त अर्ध्या मिनिटासाठी, आणि विंडोज असलेली एसएसडी काढून, म्हणजे कोणी वाचायला जाणार नाही. नुसती पॉवर द्या आणि कान लावा. नीट फिरायला लागून एक बारीक टिक होऊन शांत झाली तर चांगलं. ठराविक तालात टक, टक, टक आणि मग फिरणं बंद, असं असेल तर हेड गेलंय, तिथेच पॉवर काढा आणि पुढचं घरचं सगळं विसरा. बारीक चिवचिव किंवा गुणगुण आणि फिरतच नाही, तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम आहे, तेही घरचं काम नाही. पत्र्यावर घासल्यासारखा आवाज आला तर एक सेकंदसुद्धा जास्त नको. आणि अजिबातच काही नाही, ना आवाज ना थरथर, तर ती बहुतेक वेळा सर्किट बोर्डाची भानगड असते, आणि गंमत म्हणजे ती त्यातल्या त्यात स्वस्तात सुटते.

बोर्डाचं थोडं सांगतो कारण यूट्यूबवर बोर्ड बदला म्हणून खूप व्हिडिओ आहेत. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावला की चालेल हे २० वर्षांपूर्वी बऱ्याचदा खरं होतं. आता बोर्डावर आठ पायांची एक रॉम चिप असते, तिच्यात त्या एका डिस्कच्या हेडांची मोजमापं असतात, फॅक्टरीत भरलेली. दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं होतं, फिरेल पण दिसणार नाही. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर लावावी लागते. दुसरा प्रकार जास्त मजेचा, १२ व्होल्टच्या मोठ्या एक्सटर्नल डिस्कला घरातल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर चुकून लावतात, पिन बसते ना. तेव्हा बोर्डावरचा टीव्हीएस डायोड, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज अडवणारा छोटा भाग, स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. मल्टिमीटरनं तो शॉर्ट दाखवला तर कटरनं काढून टाकला की डिस्क बऱ्याचदा उठून बसते. तो कॉपी काढण्यापुरता उपाय आहे, कारण आता तिला संरक्षण नाही. तुमची डिस्क फिरतेय म्हणजे हे तुम्हाला लागू नाही, पुढे चला.

पुढे जायच्या आधी एक काम, डिस्क बाजूला असतानाच करण्यासारखं. अंकाची पानं दुसरीकडे कुठे कुठे आहेत याची यादी करा. तुम्ही हसाल, पण मी डीटीपीवाल्यांना हे पहिल्यांदा विचारतो आणि निम्मी चिंता तिथेच मिटते. संपादकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रूफांच्या पीडीएफ, त्या त्यांच्या फोनमध्ये असतील, आजच सांगा डिलीट करू नका म्हणून. प्लेट काढणाऱ्याकडे गेलेले फॉर्म. लेखकांनी मेलवर पाठवलेला मूळ मजकूर. जाहिरातींचे डिझाइन ज्या पेन ड्राइव्हवर आले तो पेन ड्राइव्ह. इनडिझाइन वापरत असाल तर ते चालू फाइलची स्वतःची रिकव्हरी कॉपी सी ड्राइव्हवर युजरच्या ॲपडेटामध्ये ठेवतं, म्हणजे तुमच्या एसएसडीवर, ती फार नशिबाची गोष्ट. मशीन हँग झाल्यावर इनडिझाइन परत उघडलं नसेल तर उघडायच्या आधी ते फोल्डर कॉपी करून घ्या. कोरलड्रॉचा बॅकअप मात्र शक्यतो त्याच फोल्डरात पडतो, त्याचा आत्ता उपयोग नाही, पण नंतर होईल.

आता घरी करायचं असेल तर. आधी साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डाला जोडणारी, डेटा केबल बदला, शंभरेक रुपयांची वस्तू आहे, आणि दुसऱ्या पोर्टला लावा. खोटं वाटेल पण डिस्क गेली म्हणून आलेल्यांत अधूनमधून नुसती केबलच गेलेली निघते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर उघडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे, आकडे बघता येतात, त्यात ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकून राहिलेले, सी६ म्हणजे प्रयत्न करूनही न वाचले गेलेले, आणि सी७ वाढलेला असेल तर केबलवर संशय. तुमच्या वर्णनावरून सी५ शून्य असणार नाही. फक्त हे आकडे बघायला म्हणून विंडोजमध्ये डिस्क तासभर जोडून ठेवू नका, लिनक्समध्येही दिसतात.

हो, लिनक्स. घाबरू नका, इन्स्टॉल करायचं नाहीये. सिस्टिमरेस्क्यू नावाचं एक फुकटचं लिनक्स मिळतं, दुसऱ्या चांगल्या मशीनवर ते पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून तुमचं मशीन चालू करा. ते आपणहून कुठलीही डिस्क उघडत नाही, विंडोज उघडतं, हा मुख्य फायदा. त्यातच जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम असतो. हा प्रोग्रॅम आंतोनियो दियाझ दियाझ नावाच्या माणसानं लिहिलाय आणि माझ्या मते आमच्या धंद्यातलं फुकट मिळणारं सर्वात शहाणं हत्यार तेच. नवी डिस्क घ्या, किमान तेवढीच, शक्यतो २ टीबीची. दोन्ही डिस्क मदरबोर्डाला सरळ साटानं जोडा, यूएसबीच्या डब्यातून नको, कारण खराब सेक्टर आला की तो डबाच मध्ये लटकतो.

ते कसं चालतं तर, पहिल्या फेरीत जिथे अडलं तिथे न थांबता उडी मारून पुढे जातं, सोपं सगळं आधी गोळा करतं. मग मागे येऊन उडी मारलेल्या भागांच्या कडा कुरतडतं, मग आतले सेक्टर एकेक करून घेतं, आणि शेवटी सांगितलं तर न वाचलेल्यांना परत विचारतं. कुठे काय झालं ते एका छोट्या मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, साध्या मजकुराची फाइल, त्यात अधिकचं चिन्ह म्हणजे मिळालं, वजा म्हणजे नाही मिळालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून विचारलेलंच नाही. त्यामुळे लाइट गेली, डिस्क गरम झाली, तुम्हाला झोप आली, काही झालं तरी थांबवून उद्या तिथूनच सुरू करता येतं. ती मॅप फाइल तिसऱ्या ठिकाणी, पेन ड्राइव्हवर ठेवा, दोन डिस्कांपैकी कशावरच नको. भाच्याच्या सॉफ्टवेअरला हे काही येत नाही, ते पहिल्या खड्ड्यातच रुतून बसतं.

कमांड देताना आधी वाईट डिस्क, मग नवी डिस्क, मग मॅप फाइल, हा क्रम. इथे हात थरथरला पाहिजे. नावं एसडीए, एसडीबी अशी सारखीच दिसतात आणि उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर ओतली जाते, त्यावर जगात उपाय नाही. आमच्याकडे साताऱ्याहून अशी एक आली होती, लग्नाच्या शूटिंगची, आम्ही चहा पाजून परत पाठवली. म्हणून दोन्ही डिस्कवरचे सिरियल नंबर कागदावर लिहा, स्क्रीनवर दाखवलेल्या नंबराशी ताडून बघा, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा, आणि मगच एंटर. पहिल्या फेरीला मायनस एन द्या, म्हणजे आतले सेक्टर एकेक करून घ्यायच्या भानगडीत न पडता सोपं तेवढं घेऊन थांबेल. ती झाली की मग मायनस डी आणि मायनस आर तीन देऊन उरलेल्यावर तीन फेऱ्या.

चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीनं वाचली तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. तुमचीला दिवसभर लागेल, कदाचित दोन-तीन दिवस. बाजूला छोटा फॅन लावा, डिस्क आडवी आणि स्थिर ठेवा, इन्व्हर्टरवर भरवसा नसेल तर यूपीएस घ्या. स्क्रीनवर किती टक्के मिळाले ते दिसत राहतं, साधारण ९९ पर्यंत भराभर जातं आणि शेवटच्या एका टक्क्यावर जीव खातं, ते नॉर्मल आहे. नॉर्मल काय नाही ते सांगतो. मॅप फाइलमध्ये न मिळालेले पट्टे ठराविक अंतरानं येत असतील, म्हणजे थोडं मिळालं, थोडं नाही, परत तेवढंच मिळालं, परत तेवढंच नाही, अशी झेब्राच्या अंगासारखी नक्षी दिसली, तर अनेक हेडांपैकी एक हेड मेलंय. ते कितीही फेऱ्या मारल्या तरी वाचणार नाही, उलट ते तबकडी ओरबाडेल. तिथे थांबा आणि लॅबकडे जा. तसंच मध्येच टक टक सुरू झाली किंवा डिस्क यादीतून गायब व्हायला लागली तरी थांबा. थांबायला जमणं हेच या कामातलं अर्धं कौशल्य आहे आणि ते मला यायला पाचेक वर्षं आणि काही लोकांच्या डिस्का लागल्या.

कॉपी हातात आली की जुनी डिस्क काढा, वर तारीख लिहा, कपाटात. आता नवी डिस्क विंडोजला जोडलीत तर नशीब चांगलं असेल तर डी ड्राइव्ह सरळ उघडेल. नाही उघडली आणि परत फॉरमॅटचं विचारलं तरी हरकत नाही, डीएमडीई नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकटच्या आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फाइलपर्यंत काढून देतं, तुमचं काम त्यात भागेल. आर-स्टुडिओ पण छान, ते विकत आहे. ही सॉफ्टवेअरं एमएफटीच्या नोंदी गोळा करून फोल्डरांची रचना नावांसकट परत उभी करतात. काढलेल्या फाइली तिसऱ्या डिस्कवर किंवा एसएसडीवर ठेवा, त्याच कॉपीवर नको.

फोटोरेक हे नाव सगळे सुचवतील, ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. ते नोंदी बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखतं, त्यामुळे नाव नाही, फोल्डर नाही, तारीख नाही, नुसते नंबर. लग्नाचे फोटो असतील तर चालतं, फोटो बघून कळतो. तुमच्याकडे शंभर पानांच्या शंभर फाइली आणि प्रत्येकीच्या पाच जुन्या आवृत्त्या, त्यातली शेवटची कुठली हे ओळखायला दिवाळी उजाडेल. शिवाय कोरलच्या नव्या फाइली आतून झिप असतात, त्या कधी कधी झिप म्हणूनच बाहेर येतात आणि लोक निरुपयोगी समजून फेकून देतात. हेच सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं टेस्टडिस्क मात्र पार्टिशन गेलं असेल तर फार कामाचं.

खर्चाचं. घरी केलंत तर नवी डिस्क आणि केबल, बस्स. लॅबमध्ये सॉफ्टवेअरनं किंवा पीसी-३००० सारख्या डेटा रिकव्हरीच्या खास मशीननं होणारं काम काही हजारांत असतं, आणि डिस्क उघडून हेड बदलायचं असेल तर त्याच्या कित्येक पट, कारण त्याच मॉडेलची, जवळच्या तारखेची, हेडांची रचना जुळणारी दुसरी चालू डिस्क विकत घेऊन बळी द्यावी लागते, आणि हे काम धूळविरहित हवेच्या टेबलावर करायचं असतं. टेबलफॅनखाली झाकण उघडून बघू म्हणणाऱ्यापासून लांब रहा. फोनवर डिस्क न बघता ठोकून आकडा सांगणाऱ्यापासूनही. चांगला माणूस आधी तपासतो, लेखी सांगतो, डेटा नाही मिळाला तर पैसे घेत नाही किंवा फक्त तपासणीचे घेतो, आणि पैसे द्यायच्या आधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवतो. त्याला आधी काय काय करून बघितलं ते खरं सांगा, भाच्याची रात्र लपवू नका, आम्हाला ते नाहीतरी कळतंच.

घरी करू की लॅबला देऊ, तर माझं मत असं. आवाज स्वच्छ असेल, पीडीएफ प्रूफं हाताशी असतील आणि अंक पुन्हा लावायची वेळ आली तरी आठ-दहा रात्रींत लागेल असं वाटत असेल, तर डीडीरेस्क्यू घरी करा. त्या डिस्कवर अंकाशिवाय आणखी काही असं असेल जे पुन्हा कधीच मिळणार नाही, तर प्रयोग नको, सरळ घेऊन जा, फोममध्ये गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. डिकीत नको.

आणि कॉपीतून फोल्डर निघालं म्हणून लगेच नाचू नका. जे सेक्टर मिळाले नाहीत त्या जागी शून्य भरलेली असतात, फाइलचा साइज बरोबर दिसतो आणि उघडताना मात्र फाइल खराब आहे म्हणतं, फोटो असेल तर निम्मा करडा येतो. प्रत्येक पान उघडून बघा, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि न उघडणाऱ्या पानांची यादी करून आधी शेजारची बॅकअप ऑफ नावाची कोरलची फाइल बघा, नाहीतर प्रूफावरून परत लावा. श्रीलिपीचे फॉन्ट एसएसडीवर इन्स्टॉल आहेत म्हणून मजकूर नीट दिसेल, पण कुणाचा खास फॉन्ट डी ड्राइव्हवरच्या फोल्डरातून लावला असेल तर तिथे कचरा दिसेल, त्याला फाइल खराब झाली समजू नका, फॉन्ट शोधा. जुनी डिस्क अंक छापून हातात येईपर्यंत कपाटातच राहू द्या, भाच्यालासुद्धा देऊ नका.